रायचूरची भाकरी

बेंगळुरूच्या पूर्व टोकाला, व्हाइटफील्डमध्ये मी राहतो. देशाच्या नकाशावर हे नाव संगणक उद्योगामुळे ठळक झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, त्यामागोमाग काचेच्या इमारती आल्या आणि त्यांत काम करणाऱ्यांसाठी वीस-वीस मजली वसाहती आल्या. या प्रत्येक इमारतीच्या पायाशी, ती बांधून पुरी होईपर्यंत, पत्र्याच्या आणि निळ्या प्लास्टिकच्या झोपड्यांची एक रांग असते. इमारत संपली की रांग पुढच्या खड्ड्याकडे सरकते. तिथली मुले कलबुर्गी, यादगीर, रायचूर या उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांतून आलेली असतात. बंगाल, ओडिशा, बिहारमधूनही येतात. आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर वर्षाचे भावंड असते. दहा वर्षांचा मुलगा घरी एक भाषा बोलतो, मुकादमाशी दुसरी आणि किराणा दुकानदाराशी तिसरी. आईबापांचा दुभाषी तोच असतो.

२०२० च्या टाळेबंदीत ही मुले काही आठवडे आपल्या नजरेस पडली. बांधकामे थांबली, मजुरी बंद झाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बोलणी केल्यावर मजुरांना गावी नेणाऱ्या रेल्वेगाड्या रद्द केल्या आणि देशभर टीका झाल्यावर पुन्हा सोडल्या. मधल्या काळात वस्त्या मदतीवर जगल्या. तांदूळ, डाळ, तेल, मीठ भरलेल्या पिशव्या आल्या. त्या देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची छायाचित्रेही आली. मदत खरी होती आणि ती करणाऱ्यांत अनेकांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्या दिवसांत एक शब्द फार ऐकू येऊ लागला आणि तेव्हापासून तो मला टोचतो. तो शब्द म्हणजे चिवटपणा. ही मुले किती चिवट आहेत, किती सोसतात आणि तरी हसतात, असे आपण एकमेकांना सांगत होतो. उपाशी मुलाच्या चिवटपणाचे कौतुक करणे ही त्याला कमी देण्याची एक सभ्य पद्धत आहे, असे मला वाटू लागले आहे.

रायचूर हे नाव या वस्त्यांत ऐकले की मला तेथे दीडशे वर्षांपूर्वी भाकरीचा तुकडा मागायला गेलेली एक मुलगी आठवते. तिचे नाव रमा डोंगरे. पुढे जग तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागले. त्यांच्या विद्वत्तेविषयी, धर्मांतराविषयी आणि स्त्रीशिक्षणाच्या कार्याविषयी महाराष्ट्रात भरपूर लिहिले गेले आहे. मदतीच्या रांगेत उभे राहिलेले मूल म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. त्यांचे पुढचे सारे काम मला त्या रांगेतूनच निघालेले दिसते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. ही जागा तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकच्या किनारी भागात स्थायिक झालेले चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले आणि स्त्रीनेही शिकावे ही गोष्ट त्यांच्या मनात ठाण मांडून बसली. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. त्यावरून गहजब झाला, तेव्हा उडुपीला पंडितांच्या सभेपुढे उभे राहून त्यांनी शास्त्राधाराने आपली बाजू मांडली. अरण्यात त्यांनी घर बांधले ते या विरोधापासून दूर राहून शिकवता यावे म्हणून. विद्यार्थी आणि अतिथी यांच्या सरबराईत सारे धन संपले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावर देण्यात आले. तिचा प्रवास असा सुरू झाला आणि तो जवळजवळ वीस वर्षे थांबला नाही.

या कुटुंबाचा चरितार्थ पुराण सांगण्यावर चाले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराणवाचन करायचे, ऐकणारे जे धान्य, वस्त्र, पैसा ठेवतील त्यावर राहायचे. रमेला आईने शिकवले, आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत, वाटेवर, मिळेल त्या ओसरीवर. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले. मात्र दोन वेळच्या अन्नासाठी हाताने करायचे एकही काम या घरातल्या कोणाला येत नव्हते. पुढे आपल्या आठवणींत रमाबाईंनी ही गोष्ट अतिशय कठोरपणे नोंदवली आहे. विद्येचा आणि जातीचा अभिमान असा की मजुरी करता येत नव्हती आणि उघड भीकही मागवत नव्हती.

सरकारी नोंदींप्रमाणे दक्षिणेतला महादुष्काळ १८७६ ते १८७८ चा. डोंगरे कुटुंबाच्या घरी तो दोन वर्षे आधीच आला. ही तफावत मला महत्त्वाची वाटते. दुष्काळ जाहीर होतो तो पीक बुडाल्यावर. ज्यांचे पोट इतरांच्या दानावर चालते त्यांचा दुष्काळ इतरांचे हात आखडू लागतात त्या दिवशी सुरू होतो. आधी दागिने गेले, मग भांडी, मग वस्त्रे. हाती उरले ते देव प्रसन्न व्हावा म्हणून दानधर्मात खर्च झाले. शेवटी तिरुपतीच्या परिसरातल्या जंगलात अकरा दिवस आणि अकरा रात्री या पाच जणांनी झाडपाला, पाणी आणि थोडी रानफळे यांवर काढल्या. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा त्यांनी निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि जातीचा अभिमान टाकून मोलमजुरी करतो, असे त्याने वडिलांना सांगितले. जलसमाधी टळली, मृत्यू टळला नाही. थोड्याच दिवसांत, १८७४ मध्ये, वडील गेले.

उरलेले चौघे रायचूरला आले. आई तापाने अंथरुणाला खिळली. श्रीनिवास अन्नाच्या शोधात बाहेर पडे, रमा आईजवळ बसे. तापाच्या ग्लानीत आई खाण्याचे पदार्थ मागू लागली. सोळा वर्षांची ही मुलगी, जिला हजारो श्लोक येत होते, शेजारच्या ब्राह्मणाच्या घरी गेली आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागताना तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने भाकरी दिली. आईला ती गिळता आली नाही. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीचे आपल्या वाट्याचे टोक तिने डोक्यावर घेतले. स्मशान तीन मैलांवर होते. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. पाचांतले दोघे उरले.

रमाबाई जगल्या, म्हणून आज आपण त्यांच्या चिवटपणाविषयी बोलू शकतो. त्या जगण्यात त्यांचा चिवटपणा किती आणि योगायोग किती, हे ठरवणे अवघड आहे. त्यांची बहीण काही कमी चिवट नसावी.

याच सुमारास दक्षिणेत सरकारी दुष्काळी कामे सुरू झाली होती. मद्रास इलाख्यात रिचर्ड टेंपल यांनी १८७७ मध्ये मजुरीचा जो दर ठरवला त्यात दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा मिळे. एवढ्यावर राबणारा माणूस टिकत नाही, असे इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश परोपरीने सांगत होते. मुलांचा वाटा याहूनही कमी. म्हैसूर संस्थानात १८७१ च्या शिरगणतीत सुमारे ५० लाख माणसे होती. १८८१ मध्ये ती सुमारे ४२ लाख भरली. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, महाराजा चामराजेंद्र वडियार यांनी बेंगळुरूजवळची ३,९०० एकर जमीन युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला वसाहतीसाठी दिली. त्या संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून तिला व्हाइटफील्ड म्हणू लागले. आमच्या गावाची जन्मकथा सांगताना जुनी चर्च, खानावळ आणि गोल रस्ता यांचा उल्लेख आवर्जून होतो. नुकत्याच संपलेल्या दुष्काळाचा होत नाही.

बहीण-भाऊ चालत राहिले. दक्षिणेतून पंजाब, काश्मीर, तेथून पूर्वेकडे. एकूण चार हजार मैलांहून अधिक अंतर, बहुतेक पायी. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करायला त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत झोपले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. कधी मूठभर धान्य भिजवून मिठाबरोबर खाल्ले, कधी रानबोरे आठळ्यांसकट. १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले आणि तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. यानंतरचा भाग वाचकांच्या परिचयाचा असल्याने मी तो भराभर सांगतो. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला; दोन वर्षांच्या आत पटकीने त्यांचेही निधन झाले आणि रमाबाई तान्ह्या मनोरमेसह पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री डॉक्टरांची व स्त्री शिक्षकांची गरज मांडली. १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या, पण त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत गेल्या, बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि देशभर व्याख्याने देऊन निधी जमवला. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली. तिच्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. बॉस्टनच्या देणगीदारांनी पैसा त्यासाठीच दिला होता आणि धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे ठरले होते. १८९३ मध्ये काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी संबंध तोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. 'केसरी'ने तर त्यांच्याविरुद्ध आघाडीच उघडली होती. तरीही शाळा टिकली, आणि १८९६ साल उजाडले तेव्हा रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. घर, शाळा आणि नाव, सारे काही त्यांच्यापाशी होते.

त्या वर्षी मध्य प्रांतात पाऊस पडला नाही.

रमाबाई तिकडे गेल्या त्या आपल्या आठवणीमुळे गेल्या, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बावीस वर्षांपूर्वीची भूक त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी जे पाहिले त्याचा वृत्तांत आजही अंगावर येतो, आणि तो कोणाला सुटू देत नाही. सरकारी छावण्या होत्या, निराश्रितगृहे होती. कामावर येणाऱ्या माणसाला मजुरी मिळत होती. या साऱ्या व्यवस्थेत माणूस मोजला जात होता तो राबणाऱ्या हातांच्या हिशेबाने. ज्या मुलीचे आईबाप वाटेत मेले, जी खडी उचलू शकत नव्हती आणि जिला कोणीही आपली म्हणत नव्हते, ती मदतीच्या छावणीतही सुरक्षित नव्हती. निराश्रितगृहांच्या आसपास मुलींना पळवणारे, विकत घेणारे लोक फिरत होते. राखण करणाऱ्यांवरही विश्वास टाकण्यासारखी स्थिती नव्हती. धान्याचे माप मिळूनही मूल हरवू शकते, ही गोष्ट त्यांनी तेथे पाहिली आणि स्पष्ट शब्दांत जगापुढे ठेवली.

येथे पैशाचा प्रश्न होता. बॉस्टनचा निधी दुष्काळग्रस्त मुलींसाठी वापरता येत नव्हता, कारण त्या सगळ्या जातींच्या होत्या आणि सगळ्या विधवाही नव्हत्या. आजच्या स्वयंसेवी संस्थांत काम करणाऱ्या कोणालाही हा पेच ओळखीचा वाटेल: समोर मूल आहे, खात्यात पैसा आहे, पण तो दुसऱ्या शीर्षाखाली आहे. रमाबाईंनी तीनशे मुली आणण्याचे ठरवले आणि जबाबदारी व्यक्तिशः घेतली. मुली पुण्यास पोहोचल्या त्याच महिन्यांत प्लेगही शहरात पोहोचला होता. सदनात इतक्या जणींना ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. फळबागेसाठी घेतलेली शंभर एकर जमीन केडगावला होती, पुण्यापासून रेल्वेने सुमारे ५५ किलोमीटरवर. तेथे त्यांनी मुलींना नेले, आधी तंबूंत आणि गवती छपरांखाली. मुक्ती सदनाचा आरंभ असा नाइलाजाने झाला.

प्लेगच्या त्या वर्षातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सदनातली एक मुलगी सरकारी प्लेग रुग्णालयात नेण्यात आली आणि तेथून छावणीत गेल्यावर तिचे काय झाले याचा पत्ता लागेना. रमाबाईंनी गप्प न बसता वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहिले आणि रुग्णालयांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोट ठेवले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळले. ज्या राष्ट्रवादी मंडळींनी चार वर्षांपूर्वी त्यांना झोडपले होते, त्यांना या पत्राचा आधार घ्यावासा वाटला. परदेशी देणग्यांवर आणि सरकारच्या परवानगीवर संस्था चालवणाऱ्या बाईने एका मुलीसाठी सरकारशी भांडण ओढवून घेतले, एवढे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तीन वर्षांनी छप्पनिया दुष्काळ आला. गुजरात आणि राजपुतान्यात हाहाकार झाला. केडगावहून मुली आणायला जी पथके गेली त्यांत १८९७ मध्ये स्वतः वाचलेल्या काही जणी होत्या. अंगावर फोडे, पोटे फुगलेली, हाडांना कातडी चिकटलेली अशा मुली शेकड्यांनी आल्या. मुक्तीची वस्ती दीड-दोन हजारांवर गेली. आलेल्यांतल्या अनेक जणी वाचल्या नाहीत. अन्न मिळाल्यावरही मेल्या, कारण फार उपाशी राहिलेले शरीर अन्नही सहज स्वीकारत नाही. ज्या जगल्या त्यांच्याशी वागणे सोपे नव्हते. महिनोन्महिने कोणावर विश्वास न ठेवता जगलेले मूल पहिल्या दिवशी कृतज्ञ होत नसते. ते चावते, लपवते, पळून जाते. या गोष्टींना रमाबाई दुर्गुण समजल्या नाहीत. झेलमच्या वाळूत झोपलेल्या बाईला भूक माणसाचे काय करते हे कोणी सांगायला नको होते.

मुक्तीची व्यवस्था पाहिली की तिच्यामागे रायचूरचा अनुभव दिसतो. आपल्या आईबापांचा घात भुकेइतकाच कामाच्या अज्ञानाने केला, ही त्यांची पक्की समजूत होती. म्हणून येथे येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवले गेले आणि कोणतेही काम हलके मानले गेले नाही. शेती, गुरे, दूध, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दोर वळणे, भांड्यांना कल्हई, सारे मुलींच्या हाती. छापखानाही त्याच चालवत, खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत. बरोबरीने अक्षरओळख होतीच. मनोरमेने अंध मुलींसाठी ब्रेल लिपी आणली आणि त्यांनाही हातकामाला लावले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. सर्वांत महत्त्वाची मला वाटते ती एक साधी रीत: थोडी मोठी झालेली मुलगी लहानग्यांच्या एका गटाची सांभाळकर्ती होई. काल आलेल्या मुलीला परवा आलेली मुलगी न्हाऊ घाली, भरवी, झोपवी. मदत घेणारी आणि मदत देणारी यांच्यातली भिंत काही महिन्यांत पडत असे. व्हाइटफील्डच्या वस्तीत भावंडाला कडेवर घेऊन उभी असलेली मुलगी पाहून आपण हळहळतो. तिच्यात जे सामर्थ्य आहे त्याला शाळेत आणि पोटभर जेवणाच्या पंक्तीत जागा देणे रमाबाईंना सुचले होते. फरक इतकाच, पण तो मोठा आहे, की केडगावला त्या मुलीचे स्वतःचे बालपण त्यासाठी गहाण पडत नव्हते; तिच्याही मागे कोणी मोठे माणूस उभे होते.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो टाळून रमाबाईंचे चरित्र लिहिता येत नाही. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तेथे आलेली मुले त्या धर्मात वाढली. पुढे १९०५ च्या सुमारास तेथे धार्मिक उत्साहाची मोठी लाट आली आणि तिची चर्चा जगभर झाली. भाकरी देणाऱ्याचा धर्म स्वीकारायचा की नाही हे ठरवण्याच्या स्थितीत भुकेले मूल नसते, ही टीका मला रास्त वाटते आणि तिचे समाधानकारक उत्तर रमाबाईंच्या लेखनात मला सापडलेले नाही. श्रद्धेच्या भरात त्यांना हा प्रश्न पडलाच नसावा. मात्र टीका करणाऱ्यांचेही दोन वर्ग होते. एका वर्गाने केवळ टीका केली. दुसऱ्याने स्वतः मुले वाचवायला सुरुवात केली: लाला लजपत राय यांनी १८९७ आणि १८९९ च्या दुष्काळांत अनाथ हिंदू मुलांसाठी चळवळ उभारली आणि आर्य समाजाने अनाथालये चालवली. त्याही आधी, १८७७ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घातले होते, आणि त्यासाठी कोणाचा धर्म विचारला नव्हता. रमाबाईंना तोलायचे तर या दुसऱ्या वर्गाच्या आणि फुल्यांच्या पारड्यात बसून तोलावे.

त्यांच्या ख्रिस्ती असण्याचा अर्थ मिशनऱ्यांच्या आज्ञेत असणे असा मात्र कधीच नव्हता. इंग्लंडमध्ये त्यांनी आपल्या धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी सिद्धान्तांवरून वाद घातले. पांढरी सुती साडी आणि शाकाहार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. मुक्तीतल्या मुलींना गोऱ्या मुलींच्या नकला बनवायचे त्यांनी नाकारले. त्या जमिनीवर बसून देशी अन्न जेवत आणि मराठीत शिकत. परदेशी मदतीवर चालणाऱ्या संस्थेला स्वतःचा चेहरा राखणे किती कठीण असते हे आज या क्षेत्रातली माणसे जाणतात.

एका बाबतीत मात्र त्यांची संस्थाही काळाच्या रीतीतून सुटली नाही. मद्रासच्या दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मरणासन्न माणसे ओळीने बसवून त्यांची छायाचित्रे काढली होती. ती पाहताना आजही मान खाली जाते. केडगावच्या कामाची माहिती देणाऱ्या परदेशी पुस्तकांतही हाडांचा सापळा झालेल्या मुलींची छायाचित्रे छापली गेली. त्यामुळे पैसे आले आणि त्या पैशांनी जीव वाचले. तरीही छायाचित्रातल्या मुलीला कोणी विचारले नव्हते. २०२० मध्ये शिध्याची पिशवी हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या मुलांनाही कोणी विचारले नाही. रायचूरमध्ये भाकरी मागताना रमेचे कोणी छायाचित्र काढले नाही, हे तिचे भाग्यच म्हणायचे. तो प्रसंग सांगायचा की नाही, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे राहिला. तिने तो बऱ्याच वर्षांनी वापरला.

१९१२ च्या सुमारास रमाबाईंनी निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींसाठी शाळा काढली आणि तिची जबाबदारी मनोरमेकडे दिली. गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी. दख्खनच्या ज्या कोरड्या पट्ट्यात त्यांची आई गेली त्याच पट्ट्यात हे गाव आहे. तिथली निवड केवळ योगायोग होती की नाही, ते मी वाचकांवर सोडतो. शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत ते त्यांनी एकटीने केले आणि मुक्तीतल्या मुलींनी ते छापले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाई गेल्या. संस्था आजही तेथे आहे.

मुंबईहून बेंगळुरूला येणारी उद्यान एक्स्प्रेस पुणे सोडल्यावर केडगाववरून जाते. मग सोलापूर लागते, मग कलबुर्गी, मग रायचूर. उत्तर कर्नाटकातली अनेक कुटुंबे याच मार्गाने शहराकडे येतात. सकाळी बेंगळुरू स्थानकावर ती उतरतात तेव्हा पुरुषांच्या डोक्यावर पत्र्याच्या पेट्या असतात, बायकांच्या हातात भांड्यांची गाठोडी असतात, आणि मुले धाकट्यांना कडेवर घेऊन मुकादमाच्या फोनची वाट पाहत सामानावर बसून राहतात.